लगीनसराईत राबलेला कॅमेरा घेताना

आपल्याकडे जुना प्रोफेशनल कॅमेरा विकायला निघाला की तो बहुधा लग्नांतला असतो. हळद, वरात, फुफाटा, सगळं सोसलेला. ‘फक्त घरगुती वापर’ असं मालक म्हणाला की मी आधी पट्टा अडकवायच्या कड्या बघतो. त्या घासून चकचकीत झाल्या असतील तर घरगुती वापर कसला होता ते कळतं. राबलेला असणं हा काही दोष नाही, फक्त त्या राबण्याची किंमत आपल्याला काढता आली पाहिजे.

शोध चातुर्मासात सुरू करा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, कॅमेरे कपाटात पडून असतात आणि पेरणीनंतर घरोघरी पैशाची ओढ असते. दिवाळीनंतर तोच मालक हजार रुपयेही सोडायला तयार होत नाही.

भेटायला जाण्याआधी फोनवर शटर काउंट मागा. शटर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला पडदा, किती वेळा उघडलं त्याचा हा आकडा. कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री आणि निकॉनचा डी ७५० यांच्या शटरची चाचणी कंपनीने १,५०,००० क्लिकपर्यंत केलेली आहे. निकॉनच्याच डी ८५० ची २,००,०००, तर कॅननच्या वन डी एक्सची ४,००,०००. दोन दिवसांच्या एका लग्नात दोन-अडीच हजार फोटो सहज निघतात, म्हणजे वर्षाला पन्नास लग्नं करणाऱ्याचा आकडा लाखावर जातो. पण कंपनीची ही मर्यादा म्हणजे काही औषधाच्या बाटलीवरची तारीख नाही. शटर त्याआधीही जाऊ शकतं, नंतरही बरंच चालू शकतं. मी एवढंच करतो: त्या मॉडेलचं शटर बदलायला किती लागतील ते सर्व्हिस सेंटरला विचारून घेतो, आणि आकडा मर्यादेजवळ असेल तर तेवढी रक्कम भावातून वजा धरतो.

निकॉनचा काउंट फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. मात्र मालकाला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला तर ती नोंद वाटेतच गळून जाते. कॅननच्या बहुतेक जुन्या बॉडींत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांत) ती फाइलमध्ये नसते, त्यासाठी केबल लावून लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने वाचावं लागतं.

एक गोष्ट हा आकडा सांगत नाही, ती म्हणजे व्हिडिओ. तासभर शूटिंग केलं तरी काउंट जेमतेम एक-दोनने वाढतो. पण तेवढा वेळ आतला आरसा वर असतो, फोटो टिपणारा सेन्सर उघडा असतो आणि समोर वरातीतल्या डीजेचे लेसर नाचत असतात. लेसर थेट सेन्सरवर पडला तर रंगीत ठिपके किंवा आडव्या-उभ्या रेघा कायमच्या उमटतात. म्हणून लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचा एक फोटो काढा आणि मोठा करून कोपरान् कोपरा बघा. मग अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक करून एफ १६ वर, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. करडे गोल डाग ही धूळ असते, ती साफ होते. रेघ दिसली तर नमस्कार करून निघा.

भेट दिवसाउजेडी ठेवा. मी एकदा बसस्टँडबाहेर दिव्याखाली सौदा केला आणि घरी आल्यावर कळलं की कार्डाच्या खाचेतली एक पिन वाकलेली आहे. तेव्हापासून सीएफ (पिनांवर बसणाऱ्या कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्डाच्या खाचेत टॉर्च मारल्याशिवाय खिशात हात घालत नाही. दोन खाचा असतील तर दोन्हींत स्वतःची कार्डं घालून बघा.

पुढच्या तपासण्या पटापट होतात. सर्वांत जलद शटरवर आभाळाचे दहा-वीस फोटो काढा. एका कडेला काळी पट्टी आली तर शटर थकलंय. डायलच्या खाचेत हळदीची पिवळी पूड असतेच, पण प्रत्येक टप्पा नीट बसतो का ते फिरवून पाहा. हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, फ्लॅश लावून हलवा. हलवताना तो मध्येच बंद पडत असेल तर ऐन मांडवात फजिती ठरलेली. बॅटरीची तब्येत कॅमेऱ्याच्या मेन्यूत दिसते: फाइव्ह डी मार्क थ्रीमध्ये तीन हिरव्या पट्ट्या चांगल्या, डी ७५० मध्ये ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे संपलेली.

समुद्रापासून लांब, आपल्या कोरड्या हवेत लेन्सला बुरशी कमी लागते. मुंबई-कोकणातून स्वस्तात आलेली लेन्स मात्र टॉर्चच्या उजेडात आरपार पाहा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर घेऊ नका.

पैसे देण्याआधी बिलावरचा आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळवा. बिल नसेल तर मालकाच्या ओळखपत्राची प्रत घेऊन साध्या कागदावर विक्री लिहून घ्या. चोरीचा माल निघाला तर हाच कागद कामी येतो.

घरी आल्यावर मेन्यूतलं कॉपीराइटचं पान उघडून जुनं नाव पुसा. माझ्याकडून ते राहिलं होतं. वर्षभर मी गिऱ्हाइकांना दिलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आधीच्या मालकाचंच नाव जात होतं.