जामीन मंजूर, तरी माणूस आत

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर, म्हणजे वकिलांच्या यादीत, माझं नाव लागलं तेव्हा माझी वकिली चार वर्षांची होती. (साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव मागतात. विद्यार्थ्यांना त्याआधीही विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं.) गरिबांसाठी मोठमोठे युक्तिवाद करायचे, असं तेव्हा डोक्यात होतं.

पहिल्याच तुरुंगभेटीत बीडकडचा एक ऊसतोड मजूर भेटला. "मॅडम, माझी तारीख कधी?" कागद काढले, तर जामीन अडीच महिन्यांपूर्वीच मंजूर! पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. परमुलखात त्याला जामीन कोण राहणार? मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नव्हती, आणि भावाचा सातबारा दुसऱ्या जिल्ह्यातला.

त्या रात्री मी १९७८ चा मोतीराम खटला पुन्हा वाचला. गवंडीकाम करणाऱ्या मोतीरामला त्याचा भाऊ जामीन राहत होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. परीक्षेपुरता पाठ केलेला हा निकाल मला त्या दिवशी कळला. दोन पानी अर्ज केला आणि कोर्टाने त्या मजुराला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं. युक्तिवादाला पाच मिनिटंही लागली नाहीत. वकील झाल्याचं समाधान मला पहिल्यांदा तिथे मिळालं.

म्हणून नव्यांना सांगते, कैद्याला आधी "जामीन झालाय का, कधी?" हे विचारा. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. तरी तुरुंगाकडून कळवलं जाईल यावर विसंबू नका, स्वतः जाऊन बघा.

आणखी एक. लोक तुम्हाला 'सरकारी वकील' समजतील, म्हणजे समोरच्या बाजूचे. फुकटचा वकील मन लावून लढेल यावरही त्यांचा विश्वास नसतो. आपण त्यांचे वकील आहोत हे सावकाश समजावून सांगा. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेही सांगा. पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. १५१०० हा हेल्पलाइन नंबर घरच्यांना लिहून द्या.

मानधन थोडं आहे. घर चालवायला दुसरी कामं लागतात, मलाही लागतात.

आणि सुटकेचा आदेश निघाला की तो तुरुंगात पोचेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. संध्याकाळची वेळ टळली, की माणूस आणखी एक रात्र आत राहतो.