डबल बाससाठी हलका अँप आणि कॅबिनेट निवडताना

कोकणात डबल बास (माणसाएवढे उंच, खर्जाचे तंतुवाद्य) वाजवायचा म्हणजे गाडी रस्त्यावर सोडून चिऱ्याच्या पायऱ्या किंवा पुळण पायी ओलांडण्याची तयारी हवी, आणि एक हात वाद्यात गुंतलेला असल्यामुळे बाकी सामान, म्हणजे आवाज वाढवणारा अँप आणि स्पीकरची पेटी अर्थात कॅबिनेट, दुसऱ्या हातात मावले पाहिजे. तरीही निवडीला आरंभ वजनापासून नव्हे, पिकअपपासून करावा.

या वाद्यावर बहुधा पिएझो पिकअप, म्हणजे वाद्याच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा तुकडा, असतो. त्याच्यासाठी अँपच्या इनपुटचा इंपिडन्स (विजेच्या संकेताला होणारा अडथळा) किमान १ मेगाओहम, शक्य तर १० मेगाओहम असावा. तो कमी पडला की खर्ज विरतो आणि उरलेला आवाज नाकात बोलल्यासारखा येतो. इलेक्ट्रिक बासच्या प्रत्येक अँपमध्ये ही सोय असतेच असे नाही. नसल्यास वेगळा प्रीअँप (अँपच्या आधी जोडायची छोटी पेटी) घ्यावा लागतो, आणि हलकेपणाचा हिशेब तिथेच थोडा बिघडतो.

माझ्या मते वॉटपेक्षा महत्त्वाचा आहे तो हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पातळीखालचा खर्ज कापणारी सोय. सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. त्याखाली येते ती फळ्यांच्या मंचाची धडधड आणि पोकळ वाद्यात शिरून पुन्हा पिकअपमध्ये परतणारी घुमघुम. ती कापली की स्पीकरचा ताण कमी होतो, फीडबॅक आटोक्यात राहतो आणि लहान कॅबिनेटही पुरते. फेज बदलण्याचे, म्हणजे ध्वनिलहर उलटी करण्याचे, बटण असल्यास उत्तम.

क्लास-डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या) तंत्राचे अँप दोन-तीन किलोंतही मिळतात आणि निओडिमियम चुंबकाच्या स्पीकरमुळे कॅबिनेटचे वजनही घटते. १२ इंचांचा एक चांगला स्पीकर बहुतेक बैठकींना पुरेसा आहे. खरेदीपूर्वी संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठा वाजतो याचा) आकडा अवश्य पाहावा, कारण ३ डेसिबलचा फरक दुप्पट वॉटइतका असतो. अँपची शक्ती अनेकदा ४ ओहम इंपिडन्सच्या कॅबिनेटवर सांगितलेली असते. ८ ओहमच्या एकाच कॅबिनेटवर ती साधारण निम्मी मिळते, हेही ध्यानात घ्यावे. अंगणातल्या मांडवात खर्ज मोकळ्यावर पसरून जातो, म्हणून कॅबिनेट भिंतीलगत जमिनीवर ठेवावे. बंद माजघरात मात्र तेच स्टुलावर उचलून भिंतीपासून दूर सारावे.

बोटीवरून परतलेल्या नातेवाइकाने आणलेला अँप स्वस्त पडतो खरा, पण तो २३० व्होल्टवर चालतो की केवळ १२० वर, हे मागील पट्टीवर वाचल्याशिवाय प्लग लावू नये. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंग तपासून घ्यावे.

खाऱ्या हवेने जॅक आणि जाळी गंजतात, आणि पंख्याचा अँप ती हवा थेट आत ओढतो. म्हणून पंख्याविना थंड राहणारा नमुना मिळाल्यास किनाऱ्यावर तोच बरा. पावसाळ्यात अँप सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा, आणि या अँपचे बारीक सर्किट गावातल्या दुकानात सहसा दुरुस्त होत नसल्याने विकत घेतानाच दुरुस्तीची सोय कोठे आहे ते विचारून घ्यावे.