गावात धंदा काढताय? मशीन राहू द्या, आधी वही घ्या

दर गणपतीत वेल्ह्याला (आता राजगड तालुका म्हणायचं) गेलो की एकजण तरी गाठतोच, तू पुण्यात असतोस ना, सांग गावात काय धंदा टाकू, सबसिडी कुठली आहे. सुरुवातच सबसिडीपासून, तिथंच गाडी घसरते राव.

आधी वही घ्या आणि गावातून कच्चं काय बाहेर जातं ते लिहा. आपल्याकडं पाऊस धो धो पण कारखाने नाहीतच म्हणा, उरतं काय तर भात, नाचणी आणि मे महिन्यात करवंदं-जांभळं. त्यातला इंद्रायणी (वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ ला आलेलं वाण) पुण्यात नुसत्या नावावर खपतो, म्हणून मी तरी तांदळापासून सुरू करा म्हणेन, फळं दोन दिवसात नासतात.

आता हिशोब. १०० किलो भात भरडलं की साधारण ६०-६५ किलो तांदूळ हातात येतो, बाकी तूस, कोंडा, कणी. समजा भात २५ रुपये किलो धरलं आणि ६२ किलो तांदूळ निघाला तर तो ४० ला पडला, वर भरडाई, पिशवी, टेम्पो आणि तुमची मजुरी. घरचंच भात आहे म्हणून फुकट धरायचं नाही, सगळे इथंच बुडतात!! टेम्पो पण एकट्याला परवडत नाही, चार घरांनी मिळून भरा.

पहिले ५० किलो ओळखीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विका. त्यातल्या किती घरांनी महिन्याभरात परत मागवला ते मोजा, पहिल्यांदा तर लोक तुमच्याकडं बघून घेतात.

मशीन भाड्याच्या गिरणीवर भागतंय तोवर घेऊच नका. माझ्या चुलतभावाने करवंदाच्या पल्पसाठी कर्ज काढून घेतलं आणि ऐन मे मधे थ्री फेज लाइट दिवसातून काही तासच, ती पण रात्री. आता त्यावर कोंबड्या बसतात, हप्ता चालूच.

कागदपत्रं फार नाहीत, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट होते, एजंट पैसे मागत असेल तर उठून या. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेचं सरकारी खातं) १४ आकडी नंबर, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख पाकिटावर पाहिजेच.

मग लोन. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० ला आली, त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख. पण ते पैसे हातात येत नाहीत हे कोणी सांगत नाही, किमान १० टक्के तुमचे, बाकी कर्ज, आणि सबसिडी ३ वर्षं अडकून राहते, हप्ते नीट भरले आणि धंदा चालू असला तरच कर्जाच्या खात्यात वळती होते. बचत गटातल्या बायकांना खेळतं भांडवल आणि बारक्या अवजारांसाठी प्रत्येकी ४०,००० पर्यंत मिळण्याची सोय त्यात होती, म्हणून वहिनीचा गट असेल तर आधी तिला विचारा, आणि योजना आत्ता चालू आहे का ते जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी खात्यात विचारून घ्या.

डिसेंबरात पुण्यातल्या भीमथडी जत्रेत स्टॉल मिळाला तर एक-एक किलोची पाकिटं न्या, बायका पाच किलो उचलून पार्किंगपर्यंत नेत नाहीत. आणि प्रत्येकीचा नंबर वहीत घ्या, जानेवारीत फोन त्यांनाच लावायचाय.