यादवी युद्धातील सेनापतीची छापील पत्रे आणि जाहीरनामे कसे वाचावेत

कोल्हापुरात इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला यादवीची कागदपत्रे नवीन नाहीत. महाराणी ताराबाई आणि छत्रपती शाहू यांच्यातील संघर्षाला १७०७ मध्ये तोंड फुटले आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने करवीर व सातारा ही दोन राज्ये कायमची वेगळी ठरली. ताराबाईंच्या काळातील कागदपत्रे डॉ. अप्पासाहेब पवार यांनी संपादित केली व शिवाजी विद्यापीठाने ती प्रसिद्ध केली, त्यामुळे मायना, मिती आणि मोर्तब पाहिल्याशिवाय मजकुराला हात घालायचा नाही ही शिस्त येथील विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेली असते. हीच शिस्त घेऊन तो इंग्लंडमधील राजा आणि पार्लमेंट यांच्यातील १६४२ ते १६५१ या काळातील यादवी युद्धाकडे वळला, तर त्याच्यापुढे निराळ्या जातीचा कागद येतो. ताराबाईंचे पत्र एखाद्या किल्लेदाराला किंवा देशमुखाला उद्देशून लिहिले गेले, जासुदाच्या हाती गेले आणि दोन शतकांहून अधिक काळाने छापले गेले. पार्लमेंटचे सेनापती सर टॉमस फेअरफॅक्स किंवा ऑलिव्हर क्रॉमवेल यांचे पत्र मात्र लढाईनंतर थोड्याच दिवसांत लंडनच्या रस्त्यांवर विकले जात असे. तेव्हा असा छापील कागद हाती आला की त्यातला कोणता शब्द सेनापतीचा, कोणता त्याच्या चिटणिसाचा, कोणता पार्लमेंटचा आणि कोणता मुद्रकाचा, हे वेगळे करणे हेच वाचकाचे पहिले काम आहे. ते कसे करावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

कागद मिळवण्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. जॉर्ज टॉमसन नावाच्या लंडनमधील पुस्तकविक्रेत्याने १६४० पासून १६६१ पर्यंत बाजारात येणारी पत्रके, पुस्तिका आणि वार्तापत्रे चिकाटीने गोळा केली. सुमारे बावीस हजार नगांचा तो संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याची कालक्रमानुसार लावलेली दोन खंडांची सूची १९०८ मध्ये छापली गेली आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते. त्या शतकातील हजारो छापील पुस्तिकांचा अक्षरशः उतरवून घेतलेला मजकूरही २०१५ पासून सर्वांना खुला आहे. हाउस ऑफ कॉमन्सची, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाची, रोजची कामकाज-नोंद अशीच घरबसल्या वाचता येते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या नोंदीवाचून छापील पत्राचा अर्थ निम्माच लागतो. शक्य असेल तेथे मूळ पानाची प्रतिमा आणि उतरवलेला मजकूर शेजारी ठेवून वाचावे. त्या काळच्या टंकातला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो आणि ‘यू’ व ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात, त्यामुळे यंत्राने वाचलेला मजकूर ठिकठिकाणी बिघडलेला असतो. ज्याने मोडी अक्षर लावले आहे, त्याला हे वळण दोन-चार पानांत जमते.

मजकुराकडे जाण्यापूर्वी मुखपृष्ठावर पुरेसा वेळ द्यावा. तेथील लांबलचक शीर्षक बहुधा सेनापतीचे नसते. ‘अमुक शहर घेतल्याची सविस्तर हकीकत’, ‘शत्रूची इतकी माणसे व इतक्या तोफा हाती लागल्या’ अशी वाक्ये गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्यासाठी घातलेली असतात, आणि ती आतल्या पत्राशी ताडून पाहिल्याखेरीज उतरवून घेऊ नयेत. शीर्षकाखाली किंवा मागच्या बाजूला कॉमन्सचा छपाईचा हुकूम असेल, तर त्यावर वार लॅटिनमध्ये येतो: ‘दिए लुनाए’ म्हणजे सोमवार, ‘दिए मार्तिस’ मंगळवार, ‘दिए जोविस’ गुरुवार, ‘दिए साबाती’ शनिवार. त्याखाली सभागृहाच्या लेखनिकाचे (१६४८ पर्यंत हेन्री एल्सिंग यांचे) नाव आणि तळाशी मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असते. एडवर्ड हजबंड हे नाव दिसले तर तो कॉमन्सचा अधिकृत मुद्रक आहे हे ध्यानात घ्यावे. हुकूमही नाही आणि मुद्रकही नाही, असा कागद खोटा असतोच असे नाही. पण तो बहुधा परवानगीशिवाय छापला गेला आहे, आणि ती परवानगी का घेतली नाही हा प्रश्न वहीत लिहून ठेवण्याजोगा असतो. १६४१ मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय रद्द झाल्यावर छापखान्यांवरचा जुना धाक उरला नव्हता, आणि जून १६४३ मध्ये पार्लमेंटने पुन्हा परवान्याचा कायदा केला तरी विनापरवाना छपाई काही थांबली नाही.

तारखेच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्यूलियन कालगणना चालू होती आणि ती युरोपातील नव्या गणनेच्या दहा दिवस मागे होती; नेसबीची लढाई इंग्रजी कागदात १४ जून १६४५ रोजी झाली, तर पॅरिसच्या दृष्टीने तो दिवस २४ जूनचा. त्याशिवाय कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ज्या ३० जानेवारी १६४९ रोजी झाला, तो दिवस त्या वेळच्या कागदांत ३० जानेवारी १६४८ असा सापडतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस यांतील प्रत्येक तारीख म्हणूनच दुरुस्त करून दोन्ही साले लिहावीत. मृग नक्षत्राला बदलणारा शुहूर सन आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलणारा राज्याभिषेक शक ज्याने जंत्रीवरून जुळवला आहे, त्याला यात अवघड काही नाही. टॉमसन आपल्याकडे आलेल्या पुस्तिकेवर बहुधा शाईने दिवस व महिना टाकत असे. पत्रावरची तारीख, हुकमाची तारीख आणि टॉमसनची तारीख या तिन्ही एका ओळीत मांडल्या, की रणांगणापासून बाजारापर्यंतचा कागदाचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो.

एक छोटासा प्रयोग मी प्रत्येक नव्या वाचकाला आग्रहाने करायला सांगतो. एक मोठा कोरा कागद घेऊन तो दोनदा दुमडावा आणि कडा कापाव्यात. चार पाने, म्हणजे आठ पृष्ठे तयार होतात. यातील बरीचशी युद्धपत्रे नेमक्या एवढ्याच आकाराची आहेत. पानाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला दिसेल, आणि काही पानांच्या तळाशी ‘ए’, ‘ए-दोन’ अशा घडीच्या खुणा दिसतील. तो तळचा शब्द पुढच्या पानाशी जुळत नसेल, तर पान हरवले आहे किंवा मजकूर ऐनवेळी बदलला आहे असा संशय घ्यावा. मुद्रकाला पृष्ठांचा हा हिशेब जुळवावा लागे, म्हणून पत्र लहान असले की उरलेल्या जागेत दुसऱ्याचे पत्र, कैद्यांची यादी किंवा तहाची कलमे येत.

आता मजकूर. मायन्यात बहुतेक वेळा कॉमन्सचे सभापती विल्यम लेन्थॉल यांचे नाव दिसेल. हे पत्र सभागृहात मोठ्याने वाचले जाणार आणि नंतर छापले जाणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे विजयाचे सारे श्रेय परमेश्वराला देणारी वाक्ये नुसती शिष्टाचाराची म्हणून ओलांडू नयेत. क्रॉमवेलची त्यावर मनापासून श्रद्धा होती, आणि देवाने आपल्या बाजूने कौल दिला हा त्याचा राजकीय युक्तिवादही होता. आकडे मात्र सावधपणे घ्यावेत. ३ सप्टेंबर १६५० च्या डनबारच्या लढाईनंतर दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या पत्रात तो शत्रूचे सुमारे तीन हजार मेले, जवळपास दहा हजार कैद झाले आणि आपली वीस माणसेही गेली असतील असे वाटत नाही, असे लिहितो. ज्या दिवशी मोजणीही पुरी झालेली नसते, त्या दिवसाचा हा अंदाज आहे, आणि टिपण करताना ‘क्रॉमवेलच्या पत्रानुसार’ हे शब्द त्याला जोडलेच पाहिजेत.

पत्रातून काय गाळले गेले हे शोधणे हा या अभ्यासाचा गाभा आहे, आणि त्यासाठी सप्टेंबर १६४५ च्या ब्रिस्टलच्या पत्राइतके चांगले उदाहरण नाही. राजाचा सेनापती राजपुत्र रूपर्ट याने ब्रिस्टल शहर सोडल्यावर क्रॉमवेलने १४ सप्टेंबरला लेन्थॉल यांना सविस्तर हकीकत लिहिली. शेवटी त्याने असे म्हटले की प्रेस्बिटेरियन (सर्वांसाठी एकच चर्च मागणारे) असोत वा इंडिपेंडंट (प्रत्येक मंडळीला स्वातंत्र्य मागणारे), सैन्यात सर्वांची श्रद्धा आणि प्रार्थना एकच आहे, तेथे भेदाची नावे कोणाला ठाऊक नाहीत, आणि मनाच्या गोष्टींत प्रकाश व विवेक यांखेरीज दुसरी सक्ती आम्हाला नको. कॉमन्समधील बहुमताला देशभर एकच प्रेस्बिटेरियन चर्च हवे होते. पत्र छापायचे आणि विजयाबद्दल आभार मानण्याच्या दिवशी लंडनच्या प्रार्थनास्थळांतून वाचायचे ठरले, पण छापताना हा शेवटचा भाग वगळण्यात आला. त्यानंतर इंडिपेंडंटांनी नेमका तेवढाच भाग वेगळ्या पत्रकावर छापला आणि रात्री रस्त्यांवर टाकला. टॉमसनला त्याची प्रत मिळाली व ती कशी पसरवली गेली हे त्याने तिच्यावरच लिहून ठेवले. नेसबीच्या पत्रातील विवेकस्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या ओळींनाही कॉमन्सने अशीच कात्री लावली होती. आता विचार करावा, की ज्याच्या हाती फक्त अधिकृत पुस्तिका आहे, त्याला क्रॉमवेल एक आज्ञाधारक, देवभोळा सरदार दिसेल. आणि ज्याने ते रस्त्यावरचे पत्रकही वाचले आहे, त्याला दोन वर्षांनी सैन्य आणि पार्लमेंट एकमेकांसमोर का उभे ठाकले याचा माग येथेच लागेल. म्हणून प्रत्येक पत्राच्या जितक्या छापील आवृत्त्या मिळतील तितक्या गोळा कराव्यात, त्यांचे शेवट ओळीने ताडून पाहावेत आणि त्या तारखेची कॉमन्सची नोंद वाचावी.

कधी याच्या उलटही घडते, म्हणजे मजकूर वाढतो. आयर्लंडमधील द्रॉएडा शहराच्या सप्टेंबर १६४९ मधील कत्तलीबद्दल क्रॉमवेलने डब्लिनहून १७ सप्टेंबरला लेन्थॉल यांना पत्र लिहिले. ते छापले गेले तेव्हा त्याबरोबर मेलेल्या अधिकाऱ्यांची व सैनिकांची यादी आली, आणि तिच्या अखेरीस अनेक रहिवासीही मारले गेल्याचा उल्लेख आहे. सामान्य नागरिक मारल्याची कबुली स्वतः क्रॉमवेलने दिली की ती यादी दुसऱ्या कोणी जोडली, यावर इतिहासकारांचा वाद आहे. इतक्या गंभीर प्रश्नात वाचकाने पत्र आणि यादी यांची टिपणे स्वतंत्र कागदांवर ठेवावीत; यादीतील वाक्य क्रॉमवेलच्या तोंडी घालणे किंवा ते मुळीच नव्हते असे समजणे, दोन्ही मृतांवर अन्याय करणारे आहे.

जाहीरनाम्याची पद्धत वेगळी आहे, कारण त्यावर सेनापतीचे नाव असले तरी तो क्वचितच त्याने एकट्याने लिहिलेला असतो. १४ जून १६४७ रोजी सेंट ऑल्बन्सहून निघालेला जाहीरनामा सर टॉमस फेअरफॅक्स आणि त्याचे सैन्य यांच्या नावे आहे. आपण पैशासाठी लढणारे भाडोत्री सैन्य नाही, हे त्यातील गाजलेले विधान. मसुद्यात सेनाधिकारी हेन्री आयर्टन याचा मोठा वाटा मानला जातो आणि असे कागद फेअरफॅक्सचा चिटणीस जॉन रशवर्थ याच्या सहीने बाहेर पडत. आज्ञापत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मजकूर संपल्याची मुद्रा पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांनी येथे शेवटची ओळ प्रथम वाचावी: हुकूम सेनापतीचा आहे, युद्धमंडळाचा आहे की सैनिकांच्या प्रतिनिधींसह भरलेल्या सभेचा, हे तिथेच कळते. मग मागण्या वेगळ्या काढाव्यात, त्या कोणाकडे केल्या आहेत ते पाहावे, आणि त्याच महिन्यातील पार्लमेंटचे उत्तर शोधावे.

विरुद्ध बाजूचा कागदही टेबलावर हवाच. राजाच्या पक्षाचे ‘मर्क्युरियस ऑलिकस’ हे वार्तापत्र १६४३ पासून ऑक्सफर्डहून निघत होते. ज्या लढाईचे पत्र वाचत आहात, तिची त्यातील हकीकत वाचावी. नेसबीला राजाची खासगी पत्रे हाती लागली आणि जुलै १६४५ मध्ये पार्लमेंटने ती छापली, तेव्हा शत्रूची पत्रे हे केवढे शस्त्र होऊ शकते हे सर्वांना कळले. तेथे निवड कोणी केली हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. खासगी पत्राशी तुलना करायची तर मार्स्टन मूरच्या लढाईनंतर ५ जुलै १६४४ रोजी क्रॉमवेलने आपला मेहुणा व्हॅलेंटाइन वॉल्टन याला लिहिलेले पत्र घ्यावे. त्यात विजयाची बातमी देऊन लगेच तो वॉल्टनच्या मुलाचा पाय तोफेच्या गोळ्याने कसा तुटला आणि तो कसा गेला हे सांगतो. हे पत्र छापण्यासाठी नव्हते, आणि दोन्ही प्रकारची पत्रे एकाच बैठकीत वाचली की लेखणीतला फरक आपोआप जाणवतो.

नंतरच्या काळातील संपादित संग्रह वापरताना त्यांचा जन्म पाहावा. टॉमस कार्लाइल यांचा १८४५ चा संग्रह वाचनीय आहे, पण त्यांनी भाषा आधुनिक केली आणि मध्ये मध्ये स्वतःचे उद्गार घातले. शिवाय १८४७ मध्ये त्यांनी ‘स्क्वायर’ नावाने ओळखली जाणारी पस्तीस पत्रे अस्सल समजून प्रसिद्ध केली, ती पुढे बनावट ठरली. त्यामुळे उद्धरणासाठी २०२२ मध्ये ऑक्सफर्डहून तीन खंडांत निघालेली जॉन मॉरिल यांची आवृत्ती घ्यावी, कारण पत्राची मूळ प्रत उपलब्ध आहे की केवळ छापील पुस्तिका, हे तीत प्रत्येक ठिकाणी तपासलेले आहे. ती हाती नसेल तर टॉमसनच्या प्रतीवरून थेट उतरवून घ्यावे, आणि टिपणात पुस्तिकेचे शीर्षक, मुद्रक व तिन्ही तारखा न चुकता लिहाव्यात.