नवा कीबोर्ड हाताशी कसा आणावा: आधी वही, मग बदल

वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेत चौथ्या पायरीवर मी लिहून पाठवलं होतं: ‘गाळणी बाहेर काढण्यापूर्वी आईला फोन कर.’ तपासणाऱ्या बाईंनी त्या ओळीपुढे फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं आणि फाइल परत पाठवली.

गंमत अशी की त्या दिवशी मी अजिबात घाईत नव्हते. लॅपटॉप नवा होता आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे माझी करंगळी एकोणीस वर्षं कंट्रोल शोधत आली, तिथे एफएन (Fn, वरच्या रांगेच्या बटणांचं दुसरं काम चालू करणारं बटण) होतं. ‘मशीनचा प्लग काढा’ हे मी कॉपी केलं असं मला वाटलं. या लॅपटॉपवर एफएन आणि सी एकत्र दाबलं की काहीच होत नाही, आवाज नाही की सूचना नाही. पेस्ट मी माऊसनं करते, त्यामुळे बहिणीला सकाळी पाठवलेला निरोप, जो अजून क्लिपबोर्डवर पडून होता, तो मुकाट्यानं पुस्तिकेत जाऊन बसला.

पहिले तीन दिवस मी या कीबोर्डला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी त्या लिहून ठेवायला लागले, आणि तिथून गाडी रुळावर आली. दिवसाला सात-आठ तास भाषांतर टाइप करणाऱ्या बाईनं शोधलेली ही पद्धत आहे. गेम खेळणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात, त्यातलं मला कळत नाही.

पहिल्या दिवशी काहीही बदलू नका

सेटिंग उघडायची खुमखुमी येते. आवरा. पहिल्या दिवशी दोनच कामं करायची. परत देण्याची मुदत कधी संपते ते बघून कॅलेंडरवर, प्रत्यक्ष तारखेच्या चार दिवस आधी, लिहायचं. आणि जुन्या व नव्या कीबोर्डचे वरून फोटो काढून शेजारी ठेवायचे. मी फोटो ठेवले तेव्हा नुसत्या डोळ्यांना न दिसलेले फरक दिसले: उजवीकडचा कंट्रोल गायब, वरचा-खालचा बाण निम्म्या उंचीचे, होम आणि एंडची वेगळी बटणं नाहीत, आणि डिलीटच्या शेजारी चक्क पॉवरचं बटण. एरवी ‘सगळंच विचित्र आहे’ असं म्हणत बसले असते.

जुना कीबोर्ड मात्र कपाटात टाका. एक तास नवा, एक तास जुना असं केलं की बोटं दोन्हीकडे चुकतात. घाईचं काम असेल तर तो पूर्ण दिवस जुन्यावर घालवा, पण एकाच दिवसात अदलाबदल नको.

चुकांची वही

कागदाची वही घ्या, कारण ज्या कीबोर्डवर राग आहे त्याच्यावरच राग टाइप करणं जमत नाही. दर चुकीला एक ओळ: काय करायचं होतं, काय झालं, कुठलं बोट. माझ्या वहीतल्या खऱ्या ओळी देते.

‘शब्द खोडायचा होता, स्क्रीन काळी. उजवी करंगळी.’
‘एफ-टू दाबून सेल उघडायचा होता, आवाज कमी झाला.’
‘वरचा बाण हवा होता, शिफ्ट लागला, अर्धा परिच्छेद निवडला गेला आणि पुढच्या अक्षराबरोबर उडाला.’
‘मुलगा म्हणतो इतका आवाज का करतेस.’

चौथी ओळ चूक नाही, पण तीही ठेवा. नव्या कीबोर्डवर आपण सुरुवातीला जोरानं ठोकतो, कारण बटण किती खाली गेल्यावर अक्षर उमटतं याचा अंदाज बोटांना नसतो. पातळ लॅपटॉपचं बटण जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली जातं. जुन्या पद्धतीच्या जाड कीबोर्डचं चार मिलिमीटरच्या आसपास. चारची सवय असलेलं बोट एकावर आदळतं आणि संध्याकाळी सांधे दुखतात. दुखणं वहीत आलं तर ती तक्रार सगळ्यात वर.

आठवडाभरानं पान उलटून बघितलं तर चार बटणांनीच जवळजवळ सगळी जागा खाल्ली होती. तुमच्याही वहीत बहुधा तसंच दिसेल. म्हणजे भांडण अख्ख्या कीबोर्डशी नसतं.

आता प्रत्येक ओळीपुढे खूण करा. सवयीची असेल तर ‘स’, रचनेची असेल तर ‘र’, बिघाडाची असेल तर ‘बि’. सवयीच्या ओळी सोमवारी दहा असतील तर शनिवारी दोन होतात. रचनेच्या ओळी शनिवारीही तितक्याच राहतात. आणि बिघाड असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही टाइप करायला बसवा, त्याच बटणावर तेच होतं.

ही विभागणी का करायची? नव्या रचनेवर पहिली ओरड नेहमीच होते आणि नुसत्या ओरडीवरून काही कळत नाही. आयबीएमनं पीसी ज्युनियरला रबरी गोळ्यांसारखी बटणं दिली, तेव्हा लोक इतके वैतागले की 1984 मध्ये कंपनीला ग्राहकांना दुसरा कीबोर्ड फुकट द्यावा लागला. ॲपलनं 2016 मध्ये काही मॅकबुक प्रोंवरचं एस्केपचं खरं बटण काढून तिथे स्पर्शपट्टी आणली. 2019 च्या सोळा इंची मॅकबुक प्रोवर खरं बटण परत आलं. तिथे वापरणाऱ्यांचंच बरोबर होतं. पण 1981 च्या आयबीएम पीसीवर 83 बटणं होती, एफ-वनपासून एफ-टेनपर्यंतची सगळी डावीकडे दोन उभ्या रांगांत, आणि कंट्रोल ए-च्या शेजारी. 1986 मध्ये पीसीला 101 बटणांचा कीबोर्ड आला, फंक्शनची रांग वर गेली, कंट्रोल खाली कोपऱ्यात गेला. कोपऱ्यातल्या त्या कंट्रोलसाठी मी आज हट्ट धरून बसले आहे, आणि तेव्हा तो तिथे गेला म्हणून कुरकुरणारी माणसं आजही कॅप्स लॉकचा कंट्रोल करून घेतात. तर माझ्या वहीतला ‘र’ आणि ‘स’ यांतला फरक फक्त दिवस गेल्यावरच कळतो.

‘बि’च्या ओळी आधी निकालात काढा

परत देण्याची मुदत चालू आहे, म्हणून हे पहिलं. कोरी फाइल उघडा. प्रत्येक बटण वीस वेळा सावकाश, मग वीस वेळा भराभर दाबा आणि अक्षरं मोजा. एकवीस आली तर बटण दुबार उमटतंय, एकोणीस आली तर खातंय. कंटाळवाणं आहे, अर्धा-पाऊण तास जातो, पण ‘मला वाटतं कधीकधी होतं’ यापेक्षा ‘एन वीस वेळा दाबल्यावर तेवीस उमटतात’ हे दुकानदाराला ऐकावं लागतं.

दुसरी चाचणी: दोन्ही शिफ्ट धरून ठेवा आणि ए ते झेड टाइप करायला सांगा दुसऱ्या कुणाला तरी. बऱ्याच कीबोर्डांवर काही अक्षरं उमटत नाहीत. हा बिघाड नव्हे. स्वस्त जोडणीत काही बटणं एकत्र दाबलेली कीबोर्डला ओळखता येत नाहीत. तुमच्या रोजच्या शॉर्टकटमधली जोडी त्यात अडकत नसेल तर सोडून द्या.

रागाच्या भरात शिफ्ट पाच वेळा आपटू नका. विंडोजमध्ये त्यानं स्टिकी कीज (शिफ्टसारखी बटणं धरून न ठेवता वापरायची सोय) चालू करायचं विचारलं जातं. उजवा शिफ्ट आठ सेकंद धरला तर फिल्टर कीज (झटकन किंवा लागोपाठ दाबलेल्या बटणांकडे दुर्लक्ष करणारी सोय). मग चांगला कीबोर्डही अक्षरं गिळायला लागतो आणि तुम्ही तो परत करून येता. अशी ओळ वहीत असेल तर आधी सेटिंगमधलं ॲक्सेसिबिलिटी तपासा.

‘र’च्या ओळी: एका आठवड्यात एकच बदल

माझा क्रम नुकसानीवरून ठरला. ज्या चुकीनं काम वाया जातं ती आधी.

पॉवरचं बटण सगळ्यात सोपं निघालं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं तिथे ‘काहीही करू नका’ निवडलं. लॅपटॉप बंद मेनूमधून करते. बटण काही सेकंद दाबून धरलं तर तो तरीही बंद होतो, अडल्यावर तेवढं पुरतं.

एफएनची गोष्ट वेगळी. हे बटण बहुतेक लॅपटॉपांत कीबोर्डच्या आतल्या चिपशीच बोलतं, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचतच नाही. म्हणून बटणं बदलणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला ते दिसत नाही. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये असतो, असला तर: लॅपटॉप सुरू होताना बायोस उघडायचं आणि इनपुट किंवा कीबोर्डखाली एफएन-कंट्रोल अदलाबदलीचा पर्याय शोधायचा. माझ्यात होता. नसेल तर कॅप्स लॉकचा कंट्रोल करा, करंगळीला ते जवळही पडतं.

एफ-टू, एफ-फोरवाल्यांनी एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा. बऱ्याच लॅपटॉपांवर त्यानं एफएन लॉक होतं आणि वरची रांग पुन्हा साधी फंक्शनची होते. एस्केपवर छोट्या कुलपाचं चित्र असेल तर नक्कीच.

बटणं बदलण्यासाठी विंडोजवर दोन वाटा आहेत आणि त्यांतला फरक मला आधी कुणी सांगितला नाही. पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट प्रोग्रॅममधलं कीबोर्ड मॅनेजर वापरायला सोपं, शॉर्टकटही बदलतं. पण ते लॉग-इन झाल्यावर आणि पॉवरटॉइज चालू असेपर्यंतच काम करतं. शार्पकीज हा दुसरा प्रोग्रॅम रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) नोंद करतो, मशीन पुन्हा सुरू करावं लागतं, फक्त एका बटणाचं दुसरं बटण होतं. मात्र लॉग-इनच्या पडद्यावरही ते लागू असतं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मॉडिफायर कीज आहे, त्यापलीकडे काही हवं असेल तर कॅराबिनर हा प्रोग्रॅम. लिनक्सवर ग्नोम ट्वीक्स बहुतेकांना पुरेल.

2024 पासून काही कीबोर्डांवर उजव्या कंट्रोलच्या किंवा मेनूच्या (माऊसच्या उजव्या क्लिकचं काम करणाऱ्या बटणाच्या) जागी कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं बटण असतं. ते एक बटण नाहीच: दाबलं की डावा शिफ्ट, विंडोज आणि एफ-ट्वेंटीथ्री असे तिन्ही एकदम जातात. म्हणून शार्पकीजनं ते धड बदलत नाही. पॉवरटॉइजमध्ये शॉर्टकट म्हणून पकडावं लागतं. मेनूचं बटण गेलं म्हणून हळहळणाऱ्यांना शिफ्ट आणि एफ-टेन तेच काम करून देतं.

बाणांना सॉफ्टवेअरचा इलाज नाही. निम्म्या उंचीचा वरचा बाण न बघता सापडत नाही. एफ आणि जे वर जसा उंचवटा असतो तसा मी वरच्या बाणावर केला, नेलपॉलिशच्या एका थेंबानं. दोन थर, मध्ये वाळू द्यायचं. पुढे काढताना डाग राहतो आणि रिमूव्हरनं प्लॅस्टिक खराब होतं, त्यामुळे परत द्यायची मुदत संपल्याशिवाय हे करू नका. होम आणि एंड एफएनबरोबर डाव्या-उजव्या बाणावर आहेत. ते मी शिकले हे कळलं, कारण तिसऱ्या आठवड्यात वहीत त्यांची एकही ओळ आली नाही.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांनी खरेदीआधीच एंटरच्या आसपासची बटणं बघावीत. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड रचनेत) ट, ड आणि ॉ तिथेच आहेत. एंटर उभा, उलट्या एलसारखा असलेल्या कीबोर्डवर बॅकस्लॅशचं बटण जागेवरून हलतं आणि त्याबरोबर ॉ हलतो. दुकानात ‘डॉक्टर’ हा एक शब्द टाइप करून बघा, तिन्हींची परीक्षा होते.

पासवर्ड

पासवर्ड आपण बोटांनी लक्षात ठेवतो, डोक्यानं नाही. नव्या कीबोर्डवर तो चुकतो, ठिपक्यांमागे चूक दिसत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर खातं कुलूपबंद होतं. माझं एक झालं. पहिला आठवडा डोळ्याचं चिन्ह दाबून पासवर्ड बघत टाका, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. आणि कॅप्स लॉक पॉवरटॉइजनं बदललं असेल तर लॉग-इनच्या पडद्यावर ते अजून कॅप्स लॉकच आहे हे विसरू नका.

दोन भागांचे, मधून दुभंगलेले कीबोर्ड हा निराळा प्रकार. माझ्या मैत्रिणीनं घेतला तेव्हा तिला पहिल्यांदाच कळलं की ती बी उजव्या हातानं दाबते. बी डाव्या भागात होता. अशा कीबोर्डला आठवड्याची नाही, महिन्याची वही लागते, आणि त्याच महिन्यात क्वर्टी ही नेहमीची अक्षररचना सोडून ड्वोरॅक ही वेगळी रचना शिकायचं मनात आणू नका. चूक जागेची की अक्षराची, तेच कळेनासं होतं.

पाचव्या आठवड्यात वहीत दोन ओळी आल्या, दोन्ही ‘स’. मग एका जुन्या फाइलसाठी कपाटातला जुना लॅपटॉप काढला, कोपऱ्यातला कंट्रोल दाबला आणि सगळं व्यवस्थित चाललं, कारण बायोसमध्ये मी नव्यालाच जुन्यासारखं करून घेतलं होतं. फक्त डाव्या अनामिकेनं वरच्या बाणावर थेंब शोधला. हो, डाव्या, उजवा हात माऊसवर असतो, हे मला वहीतल्या ‘कुठलं बोट’ या रकान्यानं सांगितलं. जुन्यावरही एक थेंब लावून ठेवला.