पिक्सेल सेन्सर तपासताय? या चुका टाळा, पावसाळ्यात तर नक्कीच

पुण्यात जुलै लागला की आमच्या लॅबमध्ये एखादा पिक्सेल सेन्सर, म्हणजे कणांच्या टकरींतून निघालेले कण टिपणारा सिलिकॉनचा तुकडा, हमखास जातो. सेन्सर बिचारा चांगला असतो, घाई आपली असते.

मागच्या पावसाळ्यात एका पोराचा सेन्सर कोल्ड बॉक्समध्ये (थंड, कोरड्या पेटीत) उणे 20 अंशांवर होता, बायस म्हणजे सेन्सरला दिलेलं व्होल्टेज 400 व्होल्ट, करंटचा आलेख कसा सरळ. प्रोब (सेन्सरला टेकवलेली सुई) जरा हललाय असं वाटून ‘एकच मिनिट सर’ म्हणत त्यानं झाकण उघडलं. बाहेर 25 अंश आणि 85 टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू 22 च्या वर. बघता बघता सेन्सरवर पांढरं बर्फ धरलं. या जातीच्या सेन्सरमध्ये कापलेल्या कडेपर्यंत पूर्ण व्होल्टेज येतं आणि खालची रीडआउट चिप, म्हणजे सिग्नल वाचणारी चिप, ग्राउंडला (शून्य व्होल्टला). मधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी. टिक् असा बारीक आवाज आला आणि खेळ खल्लास. करंट वाढला की पुरवठा आपोआप तोडणारी (ट्रिप करणारी) मर्यादाही या पोरानं वाढवून ठेवलेली, कारण ‘सारखं ट्रिप होत होतं’. अरे, ट्रिप व्हायलाच असते ती! तो सेन्सर आता वायर बाँडिंगच्या (बारीक तारा जोडण्याच्या) सरावाला वापरतो.

माझी सवय सांगतो: आधी बायस हळूहळू शून्यावर, मग चिलर बंद, पेटी कोरडी ठेवणारा नायट्रोजन मात्र चालूच. सेन्सर खोलीच्या तापमानाला आला की झाकण. पाऊण तास जातो. जाऊ द्या, चहा घेऊन या.

लीकेज करंट, म्हणजे कण नसतानाही सेन्सरमधून झिरपणारा करंट, अचानक वाढला तर सेन्सर बनवणाऱ्याला शिव्या घालण्याआधी मायक्रोस्कोपचा दिवा बघा. सिलिकॉनला प्रकाश कळतो. मी स्वतः या दिव्यापायी दोन दिवस घालवलेत, तेव्हापासून काळं कापड खिळ्यालाच टांगलेलं असतं.

तापमान न लिहिता करंट लिहू नका. साधारण 7 अंशांला तो दुप्पट होतो.

रेडिएशन खाल्लेला सेन्सर ड्रॉवरमध्ये नाही, फ्रीझरमध्ये.

थ्रेशोल्ड, म्हणजे पिक्सेलनं सिग्नल मोजायला लागणारे किमान इलेक्ट्रॉन, खाली ओढायची हौसही आवरा. 150 मायक्रॉन जाडीत एक कण साधारण 11 हजार इलेक्ट्रॉन सोडतो. रेडिएशननंतर हाती त्याहून कमी लागतात, म्हणून थ्रेशोल्ड हजार इलेक्ट्रॉनच्या आसपास ठेवायचा. त्याखाली गेलात की नॉइझ बोलायला लागतो, आणि हे सेन्सर ज्यात बसतात त्या, दर 25 नॅनोसेकंदांनी कणांची टक्कर होणाऱ्या यंत्रात ती बडबड रीडआउट तुंबवते. मग पोरं बडबडे पिक्सेल मास्क (बंद) करत सुटतात आणि पिक्सेलच्या नोंदींचा ‘मॅप किती स्वच्छ’ म्हणून दाखवायला आणतात. मी आधी किती मास्क केले ते विचारतो.