जुन्या ट्रॅक्टरला सेकंडहँड लोडर बसवताना

हरभऱ्या-गव्हाची मळणी उरकली, ट्रॅक्टर मोकळा झाला आणि उकिरडा मात्र तसाच भरलेला. शेणखत वैशाखाच्या आत शेतात पडायला हवं, पण घमेल्या-फावड्यानं ट्रॉली भरायला माणसं मिळत नाहीत. त्यामुळे उन्हाळा लागला की जुन्या लोडरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसणाऱ्या आणि बकेटनं माती-खत उचलणाऱ्या अवजाराची, चौकशी सुरू होते. कुणी ट्रॅक्टर विकताना काढून ठेवलेला असतो, कुणाचा वीटभट्टीवर राबलेला, कुणाचा भंगारात जायच्या वाटेवर. घरचा ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस एचपीचा, पंधरा-वीस वर्षं वापरलेला. ब्रॅकेट थोडं कापून, थोडं जोडून गावातला फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत बसवून देतो म्हणतो, आणि बसवतोही. पण उचलताना तो पेलणार कुणाच्या जिवावर, हे आधी बघा. लोडरचा सौदा करायच्या आधी स्वतःच्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल आणि क्लच हाउसिंग (इंजिनामागचं, क्लच झाकणारं बिडाचं घर) तपासा.

बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: माल मागे गेला की गाडी उलार होते, पुढे गेला की बैलांच्या मानेवर येतो. लोडर लावलेल्या ट्रॅक्टरची मान म्हणजे पुढचा एक्सल. एक हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टरचं वजन १,९०० किलो. त्यातलं ७०० पुढच्या चाकांवर, १,२०० मागच्या. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर १.९ मीटर. लोडर स्वतः ४५० किलोचा आणि त्याचा भार पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे पडतो. नुसता लोडर चढवला, बकेट रिकामी, तरी पुढे ७०० चे जवळपास १,२७० किलो होतात. आता बकेटमध्ये ५०० किलो ओली माती घ्या. ती एक्सलच्या १.४ मीटर पुढे लटकते, म्हणून पुढच्या चाकांवर ५०० नाही तर ८७० किलो वाढतात आणि मागची चाकं ३७० किलोनं हलकी होतात. एकूण पुढे २,१०० च्या वर, मागे जेमतेम ७००. आणि या ट्रॅक्टरांना ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना! मागचं चाकच हलकं झालं तर ब्रेक लागून उपयोग काय?

म्हणून मागचं वजन हा लोडरचाच एक भाग धरा. थ्री पॉइंटला (मागे अवजार जोडायच्या तीन लिंकांना), मागच्या एक्सलपासून ९० सेंटिमीटरवर ४०० किलो लटकवले तर मागे जवळपास ५९० किलो वाढतात आणि पुढचे १९० कमी होतात. टायरमध्ये पाणी भरल्यानं किंवा रिमला बिडाची वजनं लावल्यानं मागची पकड वाढते, पण पुढच्या एक्सलचा भार एक किलोनंही उतरत नाही, कारण ते वजन एक्सलच्या मागे नसून एक्सलवरच असतं. दोन्ही केलं तर उत्तम, पण एकच करायचं असेल तर मागे लटकवा. त्यासाठी विकतचं काही नको. रिकाम्या २०० लिटरच्या ड्रममध्ये काँक्रीट ओतलं की पावणेपाचशे ते पाचशे किलो होतं. ओतण्याआधी खालच्या दोन लिंकांसाठी जाड बार आणि टॉप लिंकसाठी कान आतल्या सळईला वेल्ड करून घ्या. पाच फुटी रोटाव्हेटरही चालतो, पण गोठ्याभोवती मुलं, गुरं वावरत असताना मागे पात्यांचं अवजार घेऊन सारखं रिव्हर्स मारणं मला पटत नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. मागे वजन लावूनही ५०० किलोला पुढे १,९५० च्या आसपास राहतात. ३०० किलोच उचलले तर पुढे १,६०० आणि मागे १,४५०. जुन्या पस्तीस एचपीला एवढंच पेलतं असं धरून चाला. शेणखताची गोष्ट वेगळी. चांगलं कुजलेलं, फार ओलं नसलेलं खत हलकं असतं, बकेट शिगोशीग भरली तरी सहसा त्रास होत नाही. पण त्याच बकेटमध्ये ओला मुरूम किंवा तलावातला गाळ भरला की वजन दुपटीच्याही वर जातं. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत बरेच शेतकरी गाळ वाहून आणतात. तलावात खोदाई करणं हे जेसीबीचं किंवा पोकलेनचं काम. शेतात आणून टाकलेले गाळाचे ढीग अर्ध्या बकेटनं पसरायचे, एवढंच तुमच्या लोडरचं.

बांधणी कुठे करायची

ट्रकला असते तशी चेसिस बहुतेक शेती ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअर बॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टनं जोडलेलं, तोच त्याचा कणा. तोही बिडाचा. लोडरची फ्रेम नुसती पुढच्या बंपरला आणि इंजिनच्या बाजूला बांधली तर बकेटचा प्रत्येक धक्का इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यावर येतो. आधी तिथून तेल झिरपतं, मग बोल्ट सैल होतात, आणि एक दिवस बीड तडकतं. एचएमटीसारखा बंद झालेल्या कंपनीचा ट्रॅक्टर असेल तर ते हाउसिंग नवं मिळायचं कुठून? भंगारात शोधायचं, नाहीतर बीड वेल्डिंगवाल्याच्या हातापाया पडायचं.

फ्रेम पुढच्या सपोर्टपासून दोन्ही बाजूंनी सलग मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत गेली पाहिजे आणि तिथे मजबूत पकडली पाहिजे. दुसऱ्या मॉडेलचा लोडर घेतला की मागे जाणाऱ्या याच पट्ट्या आखूड पडतात, आणि मिस्त्री म्हणतो, ‘राहू द्या, पुढंच भक्कम करून देतो.’ ऐकू नका. वाढवायच्या असतील तर त्याच जाडीचा चॅनेल घेऊन, सांध्यावर आतून-बाहेरून पट्टी मारून वाढवा. ट्रॅक्टरच्या बिडाला वेल्डिंग करायचं नाही आणि नवी भोकं पाडायची नाहीत. कंपनीनं दिलेली आट्यांची भोकं वापरा, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे घ्या. बोल्टच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो. ज्यावर काहीच नाही, तो गेटला लावा. फ्रेमचं वेल्डिंग शक्यतो खाली उतरवूनच करा. ट्रॅक्टरवरच करावं लागलं तर आधी बॅटरीच्या वायरी काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून फिरणार नाही.

फ्रेम पक्की करण्याआधी बॉनेट उघडतं का, ऑइल फिल्टर निघतो का, सेल्फपर्यंत पाना पोचतो का, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर टायर फ्रेमला घासतो का, हे नुसतं टाचून बघून घ्या.

लोडर पारखताना

रंग बघून भाव करू नका. ताजा रंग दिसला तर उलट वेल्डचे सांधे जास्त बारकाईनं पाहा. भेगा रंगाखाली झाकता येतात. बकेट जमिनीपासून फूटभर उचलून समोर उभे राहा. एक कोपरा खाली दिसला तर बूमला (बकेट उचलणाऱ्या हातांना) पीळ बसलेला आहे, आणि तो सरळ करणं खर्चाचं काम आहे. पिन-बुश झिजलेले असतील तर हरकत नाही, लेथवर नवे होतात. पण भोकच लंबगोल झालं असेल तर भाव पाडा. जॅकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर बूम उचलणाऱ्या सिलिंडरचा, रॉड पूर्ण बाहेर काढून त्यावरून हात फिरवा. क्रोम उडालेला किंवा गंजाचे खड्डे असलेला रॉड नवं सील आठवडाभरातही फाडतो. होस पाइपवर बारीक तडे असतील तर ते बदलायचेच, असं धरून हिशेब करा.

हायड्रॉलिक

इथे घाई महागात पडते. मॅसी १०३५ सारख्या फर्ग्युसन घराण्यातल्या ट्रॅक्टरात लिफ्टचा पंप मागे तेलात बुडालेला असतो आणि तो पीटीओच्या (मागची अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टच्या) जोडीनं फिरतो. त्यावरून लोडर चालवता येतो, पण क्लच पूर्ण दाबला की पंप थांबतो आणि बकेट आहे तिथेच राहते. लोडरच्या कामात मागे-पुढे करताना क्लच तर दर मिनिटाला दाबावा लागतो. शिवाय वेग. लोडरचे उचलायचे दोन जॅक ६३ मिलिमीटर बोअरचे आणि ६० सेंटिमीटर स्ट्रोकचे असले तर दोघांत मिळून ३.७ लिटर तेल जातं. पंप मिनिटाला १८ लिटर देत असेल तर बूम वर जायला बारा सेकंद, आणि निम्म्या रेसवर पंचवीस. दिवसभर ट्रॉल्या भरायच्या तर जीव कंटाळतो.

म्हणून रोजचं काम असेल तर इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीवर वेगळा गिअर पंप आणि वेगळी टाकी हीच जोडणी बरी. १६ सीसीचा पंप २,००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३० लिटर देतो. टाकी ३०-४० लिटरची, रिटर्न लाइनला फिल्टर, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याला ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल. वर्षातून पंधरा दिवसच लोडर लावणार असाल तर मूळ पंपावर भागवा. पण मग जुन्या लोडरमधली घाण थेट तुमच्या ट्रॅक्टरच्या पंपात आणि लिफ्टमध्ये जाणार, हे ध्यानात ठेवा. जोडण्याआधी जॅक खोला, धुवा, सील बदला, पाइपांतून स्वच्छ तेल सोडून ते फडक्यातून गाळून पाहा.

जोडल्यावर बूम आणि बकेट काही वेळा रिकामी वर-खाली करा, हवा निघू द्या, मग बकेट जमिनीवर टेकवून तेलाची पातळी बघा. जॅक बाहेर असताना टाकी भरली तर बूम खाली येताना तेल उतू जातं.

रिलीफ व्हॉल्व्हखाली (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेखाली) वॉशर टाकून प्रेशर वाढवून देणारे मिस्त्री आहेत. लोडर जास्त उचलेलही, पण ते जादा वजन झेलणारा एक्सल जुनाच आहे. गळती शोधायला होसवरून बोट फिरवू नका. बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा; आणि असं काही झालंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

पुढची चाकं

पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक हलवा. सेंटर पिन, किंग पिन, हबचे बेअरिंग यांत जो खुळखुळाट असेल तो लोडरच्या आधी काढायचा, नंतर नाही. टायर गुळगुळीत असले तरी एक वेळ चालतील, पण बाजूला चिरलेले चालणार नाहीत. जास्त प्लायचे घ्या आणि हवा टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत ठेवा. ग्रीस रोज मारा. साधं स्टीअरिंग असेल तर भरलेल्या बकेटनं जागेवर उभं राहून वळवायचा हट्ट नको. चाक थोडं फिरतं ठेवूनच वळवा. तुमच्या मॉडेलची मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेत चाचणी झालेली असेल तर तिच्या अहवालात दोन्ही एक्सलवरचं वजन आणि पंपाची क्षमता मिळते. वरचा हिशेब त्या आकड्यांनी करा.

काम करताना

भरलेली बकेट गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चाला, ट्रॉलीपाशी गेल्यावरच उचला. दोन्ही ब्रेकच्या पॅडलची कडी अडकवलेली हवी. उतारावर भरलेली बकेट चढाच्या बाजूला ठेवा, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये उतरा. बांधाला आडवं जाऊ नका. मडगार्डवर कुणाला बसवू नका. शेतावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली बूम वर करायचा नाही, आणि चैत्र-वैशाखात हमखास दिसणारा प्रकार म्हणजे बकेटमध्ये माणूस उभा करून आंबे उतरवणं, तो तर अजिबात नाही. एक होस फुटला की माणूस बकेटसकट खाली. उचललेल्या बूमखाली शिरून ग्रीस मारायचं असेल तर आधी लाकडी ठोकळ्याचा पक्का टेकू द्या. पहिल्या आठ-दहा तासांनंतर फ्रेमचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

कागदाचं एक काम उरतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरबदल वाहनात करायला परवानगी लागते. लोडर कायमचा बसवून रस्त्यावर नेणार असाल तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. लोडर भाड्यानं बांधकामावर पाठवायचा असेल तर विचारणं आणखी गरजेचं, कारण शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरचा विमा तिथे कामाला येईलच असं नाही.

मृगाच्या आधी लोडर उतरवा. पेरणीला पुढच्या चाकांवर एवढं ओझं घेऊन ओल्या काळ्या रानात गेलात तर चाकोऱ्या रुततात आणि त्या पट्ट्यात पीक मागे राहतं. उतरवताना सपाट, टणक जागा निवडा, बूमला स्टँड द्या, जॅक शक्य तितके आत घ्या आणि रॉडचा जो भाग उघडा राहील त्यावर ग्रीसचा जाड थर द्या. होसच्या तोंडांना आट्यांची टोपणं लावा. नुसती प्लास्टिकची पिशवी बांधली तर ती उंदीर कुरतडतात, आणि उघड्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते. दिवाळीनंतर लोडर पुन्हा जोडला की ती माती सरळ व्हॉल्व्हमध्ये जाते.